योंगदोचा पूल, सोकचोचा तराफा

दक्षिण कोरियातल्या बुसानला पोहोचल्यावर बहुतेक प्रवासी हेउंदेच्या किनाऱ्याकडे वळतात. मी मात्र शनिवार गाठून योंगदोच्या पुलापाशी जाऊन उभा राहिलो, कारण हा पूल आता आठवड्यातून एकदाच, शनिवारी दुपारी दोन वाजता उचलला जातो. १९३४ मध्ये बांधलेला हा पूल बुसान शहराला योंगदो बेटाशी जोडतो. वाढती वाहतूक आणि बेटाला पाणी नेणारी जलवाहिनी यांमुळे १९६६ मध्ये तो उचलणे बंद झाले आणि पुनर्बांधणीनंतर २०१३ पासून पुन्हा सुरू झाले. दोन वाजता भोंगा झाला, गाड्या थांबल्या आणि रस्त्याचा सुमारे ३१ मीटरांचा तुकडा, डांबर आणि पांढऱ्या पट्ट्यांसकट, हळूहळू आभाळाकडे उठू लागला.

माझ्या शेजारी एक आजीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. पूल पूर्ण वर जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. कोरियन युद्धात बुसान ही दक्षिणेची तात्पुरती राजधानी होती आणि लाखो निर्वासित इथे येऊन थडकले होते. वाटेत ताटातूट झाली तर कुठे भेटायचे, असा प्रश्न आला की उत्तरेकडच्या माणसाला बुसानमधले एकच ठिकाण ऐकून ठाऊक असे, ते म्हणजे हा उचलता पूल. त्यामुळे माणसे दिवसेंदिवस इथे येऊन आपल्या माणसांचे चेहरे शोधत असत, आणि ज्यांना कोणी भेटत नसे त्यांच्यासाठी पुलाखाली ज्योतिषी दुकान मांडून बसत.

पूल ओलांडून डावीउजवीकडे न रेंगाळता मी देप्योंग-दोंगमध्ये गेलो. जहाजदुरुस्तीच्या या वस्तीला लोक ‘कांगकांगी’ म्हणतात. कांग-कांग हा हातोडीचा आवाज आहे. गोदीत चढवलेल्या जहाजाच्या पोटावरचा गंज आणि चिकटलेले शिंपले हातोडीने ठोकून काढल्याशिवाय नवा रंग बसत नाही, आणि हे काम बायका करीत असत. दोरांनी टांगलेल्या फळीवर बसून, दिवसभर लोखंडावर लोखंड आपटत. अनेकींचे कान त्यात गेले. युद्धाने किंवा समुद्राने घरचा कर्ता पुरुष नेल्यावर मुलांची शिक्षणे या हातोडीवर झाली. इथल्या एका उंच इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या एका वृद्ध स्त्रीचे चित्र आहे. बुसानमध्ये मी जे जे पाहिले, त्यात या चित्रापुढे सर्वाधिक वेळ थांबलो. खाली कारखान्यांच्या दारात जहाजांचे माणसाहून उंच पितळी पंखे ओळीने ठेवलेले होते आणि हवेला वंगणाचा व ओल्या दोरांचा वास होता.

संध्याकाळी जागाल्चीच्या मासळीबाजारात वाकटीसारखा चंदेरी, लांबट मासा आणि बांगड्याचा भाऊबंद शोभावा असा मासा पाहून जीव सुखावला. जेवायला मिलम्यॉन घेतले. युद्धकाळात उत्तरेकडून आलेल्या लोकांना आपल्या गार शेवया हव्या होत्या, पण कुट्टूचे पीठ मिळेना, तेव्हा मदत म्हणून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या त्यांनी केल्या. तेच आज बुसानचे खास खाणे आहे.

दुसऱ्या दिवशी बसने ईशान्य किनाऱ्यावरच्या सोकचोला गेलो. १९५० च्या डिसेंबरात उत्तर कोरियातल्या हंगनाम बंदरातून ‘मेरेडिथ व्हिक्टरी’ या एकाच मालवाहू जहाजाने सुमारे १४,००० माणसे दक्षिणेला आणली. त्याच हिवाळ्यात उत्तरेतल्या हामग्योंग प्रांतातून निघालेल्या अनेकांनी पुढे सोकचोत वाळूच्या पट्टीवर झोपड्या बांधल्या. वाट खुली होताच परतायचे, म्हणून सरहद्दीच्या जवळात जवळ राहायचे, एवढाच त्यांचा विचार होता. त्या वस्तीचे नाव आबाई. हामग्योंगच्या बोलीत आबाई म्हणजे वडीलधारा माणूस, आजोबा.

आबाईला जायला ‘गेटबे’ नावाचा तराफा आहे. त्याला इंजिन नाही, वल्ही नाहीत. खाडीवर या तीरापासून त्या तीरापर्यंत पोलादी तार बांधलेली आहे. लोखंडी आकडा तिच्यात अडकवायचा आणि तराफ्यावर मागे मागे चालत तार ओढायची. मी नुसताच जोर लावत होतो. तराफ्यावरच्या आजोबांनी माझा हात धरून आकडा थोडा तिरपा केला, मग खांद्याऐवजी पायांवर भार घ्यायला खुणेने सांगितले, आणि तराफा सरकू लागला. पलीकडे स्क्विडमध्ये सारण भरून वाफवलेल्या सुंदेचा वास येत होता. धक्क्याला लागल्यावर मी आकडा पुढच्या माणसाच्या हाती दिला.