मीटर कुठं आहे, ते आधी सांगा

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्याचा अभ्यास दौरा निघाला. ग्रामपंचायतीत काम केलेल्याला अभ्यास दौरा म्हणजे काय हे सांगायला नको. एक बस. पुढच्या सीटवर विस्तार अधिकारी, मधे सरपंच मंडळी, मागं आम्ही ग्रामसेवक. (आता आम्हाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असं शासनानं ठरवलंय, पण गावात अजून भाऊसाहेबच. बाई असली तर मॅडम.) पोचल्यावर टोपी-नारळ, प्रोजेक्टर, ढालींचं कपाट, शेवग्याच्या आमटीचं जेवण, ग्रुप फोटो, परत.

या वेळचा विषय सौरऊर्जा होता. बऱ्याच जणांना पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला जायचं होतं. 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून तिचं नाव झालं तेव्हापासून प्रत्येक बसला तिकडंच वळायचं असतं. गाव चांगलंच आहे, पण ती शंभरेक उंबऱ्यांची वाडी. आमचं गाव साडेसहाशे उंबऱ्यांचं, त्यात तीन वस्त्या नळाच्या शेवटच्या टोकाला. शेवटी बसचं भाडं बघून शेजारच्या जिल्ह्यातलं एक गाव ठरलं. त्याचं नाव लिहीत नाही. का, ते पुढं कळेल.

कार्यालयाच्या छतावर पाच किलोवॅटचं पॅनेल, खाली ‘माझी वसुंधरा’ या शासनाच्या पर्यावरण अभियानाचा रंगीत फलक. पंचतत्त्वांपैकी ‘अग्नी’ला गुण मिळतात ते अशा कामांचे. सगळ्यांनी छतावर जाऊन सेल्फी घेतले. सभागृहात प्रश्न झाले ते नेहमीचे: पॅनेल कुठल्या कंपनीचं, गॅरंटी किती वर्षं, सबसिडी किती बसली. मी विचारलं, “खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला?” तिथल्या सरपंचांनी तिथल्या भाऊसाहेबांकडं बघितलं, भाऊसाहेबांनी प्रोजेक्टरकडं.

जेवणानंतर तेच भाऊसाहेब मला कार्यालयामागच्या टपरीवर गाठून म्हणाले, “मॅडम, खरं सांगू का? ती छतावरची पाच किलोवॅट चुकली.”

कार्यालयाचं बिल मुळात महिन्याला आठ-नऊशे रुपये. दोन पंखे, एक संगणक, एक प्रिंटर, तोही अर्धा वेळ बंद. गावाची खरी वीज जाते ती पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर, नदीकाठी दीड किलोमीटरवर. तिथलं मीटर वेगळं. नेट मीटरिंगमध्ये छतावर तयार झालेली युनिटं छताखालच्या मीटरातून वजा होतात, विहिरीवरच्या मीटरला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे आठशेचं बिल शून्य झालं आणि अकरा हजारांचं बिल जसंच्या तसं येत राहिलं. “फोटो मात्र झकास येतो,” ते म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

हे त्यांनी सभागृहात का सांगितलं नाही, असं कुणी विचारील. तिथं दोन गटविकास अधिकारी बसले होते. पुरस्कार मिळालेलं गाव साहेबांसमोर आपली चूक सांगत नसतं. मीही सांगितली नसती. आमच्या गावात 2017 साली केंद्राकडून येणाऱ्या चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीतून सौर पथदिवे घेतले होते. अडीच वर्षांत बॅटऱ्या बसल्या, चार चोरीला गेल्या, पुरवठादाराचा फोन लागेना. देखभालीची तरतूद करारात नव्हती, आणि करार माझ्याच कपाटात होता. पाहुण्या गावांना गाव दाखवताना मी त्या खांबांच्या रस्त्यानं कधीच नेत नाही.

तर दुसऱ्या खेपेला त्या भाऊसाहेबांनी विहिरीवरच दहा किलोवॅट बसवलं. पैसे कुठून आणले, हे ऐकण्यासाठी मी माझी बस दहा मिनिटं थांबवली. विस्तार अधिकारी हॉर्न वाजवत होते.

अर्धा खर्च पंधराव्या वित्त आयोगातून. त्यात साठ टक्के निधी बंधित असायचा, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि चाळीस टक्के अबंधित. आम्ही सगळे सौर म्हटलं की अबंधितकडं धावतो, आणि तिथं आधीच गर्दी. दिवाबत्तीचं बिल, संगणक परिचालकाचा खर्च, कुणाच्या तरी गल्लीचा काँक्रीट रस्ता. त्यांनी आराखड्यात कामाचं नावच असं लिहिलं: ‘नळ पाणीपुरवठा योजनेच्या उद्भव विहिरीवर सौर पंपिंग व्यवस्था करणे’. उद्देश पाण्याचा, म्हणून बंधितमध्ये बसलं. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडून अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता घेतली, ग्रामसभेत घेतलं, ई-ग्रामस्वराजवर चढवलं, सरपंचांचं आणि त्यांचं अशी डिजिटल सहीची दोन्ही डोंगलं लागून पैसे गेले. फाईल सरळ. लेखापरीक्षणात त्यावर एक ओळसुद्धा निघाली नाही.

उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांनी कर्ज काढलं. ग्रामपंचायतीनं कर्ज? मी चमकलेच. ते म्हणाले, “मॅडम, जिल्हा ग्रामविकास निधीला दरवर्षी अंशदान भरता ना?”

भरते. चौदा वर्षं भरते आहे. मार्चमध्ये चेक काढते, नमुना पाचला, म्हणजे रोकडवहीत, खर्ची टाकते, पावती चिकटवते आणि विसरते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 133 खालचा हा निधी. जिल्ह्यातल्या सगळ्या पंचायतींनी आपल्या उत्पन्नातला अंश टाकायचा आणि गरज पडली की त्यातूनच जिल्हा परिषदेकडून व्याजानं कर्ज घ्यायचं. म्हणजे पंचायतींची पतपेढीच म्हणा की. बहुतेक गावं त्यातून एसटी स्टँडजवळ गाळे बांधतात, कारण गाळ्यांचं भाडं येतं आणि हप्ता फिटतो. या माणसाचा हिशेब इतकाच होता की विहिरीवरचं बिल वाचलं तर तेही भाड्यासारखंच. दहा अश्वशक्तीचा पंप रोज सहा तास म्हणजे साधारण 45 युनिट, दहा किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात रोज देणार चाळीसच्या आसपास. महिन्याचे नऊ-दहा हजार वाचले की तो हप्ता.

दरवर्षी पैसे भरून कर्ज एकदाही न मागणारी मी एकटी नाही. परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या अकरा जणांना विचारलं. दोघांना कलम ठाऊक होतं, मागितलं कुणीच नव्हतं. ही माहिती प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत कुठंतरी असणारच. पण पुस्तिकेत ‘कर्ज घेता येते’ एवढंच असतं. ‘मी घेतलं, ठराव असा लिहिला, टेबलावर ही त्रुटी काढली, तिला हे उत्तर दिलं’ हे दुसऱ्या ग्रामसेवकाकडूनच कळतं.

मोठ्या गावांचंही असंच आहे म्हणा. एका प्रशिक्षणात आम्हाला इंदूरचं उदाहरण दाखवलं होतं. महापालिकेनं 2023 मध्ये लोकांना हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, विकून 244 कोटी उभे केले. शून्यं बघून आमच्या रांगेत खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, आमची घरपट्टी मागताना लोक दार लावून घेतात, रोखे कोण घेतंय! मीही हसले. पैसे कशाला उभे केले, ते नंतर वाचलं: खरगोन जिल्ह्यातल्या जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प, कारण नर्मदेचं पाणी तिथून उपसून इंदूरला चढवायला वीज लागते आणि तिचं बिल महापालिकेला झेपेना. म्हणजे त्यांचं दुखणंही विहिरीवरच्या मीटरचंच होतं. प्रशिक्षणात तेवढंच एक वाक्य पुढं ठेवलं असतं तर आम्ही हसलो नसतो.

विजेच्या बिलाची धास्ती आमच्या पिढीच्या ग्रामसेवकांना 2021 च्या उन्हाळा-पावसाळ्यात बसली. थकबाकीवरून गावोगाव पथदिव्यांची जोडणी तोडली, आणि बिलं वित्त आयोगातून भरा असा आदेश आला. आमचं गाव बारा रात्री अंधारात होतं. रोज रात्री साडेआठला कुणीतरी फोन करून विचारायचं, “मॅडम, तुमच्या घरी लाईट आहे का?” मी तालुक्याला राहते. उत्तर त्यांना माहीत असायचं.

दौऱ्याहून आल्यावर त्या भाऊसाहेबांनी आपल्या ठरावाची प्रत, अंदाजपत्रक आणि त्रुटीपूर्ततेचं पत्र असे सात फोटो पाठवले. एक उलटा होता. मी मासिक सभेत विषय घेतला, साडेपाच लाखांचं अंदाजपत्रक करून घेतलं, निम्म्या रकमेच्या कर्जाचा प्रस्ताव पंचायत समितीत दिला. तो परत आला. शेरा असा: परतफेडीची हमी कशातून?

मी लगेच फोन लावला. ते हसले. “आम्हालाही हाच शेरा होता. आम्ही पाणीपट्टी दीडशेनं वाढवून दाखवली.” वीज वाचणार असताना पाणीपट्टी कशाला वाढवायची? तर म्हणे, वाचलेलं बिल कागदावर उत्पन्न धरत नाहीत, पाणीपट्टी धरतात. हे सात फोटोंत नव्हतं.

हे मी आमच्या सरपंचांना सांगितलं. ते बराच वेळ छताकडं बघत होते. आमच्या कार्यालयाच्या छताकडं, जिथं पॅनेल लावलं तर कुणाची पाणीपट्टी वाढत नाही आणि फोटोही येतो.

“मॅडम,” ते म्हणाले, “पाणीपट्टीचं निवडणूक झाल्यावर बघू.”

प्रस्तावाची फाईल टेबलावरच ठेवली आहे, कपाटात नाही. परवा माढ्याकडच्या एका ग्रामसेविकेचा फोन आला, कुणीतरी माझा नंबर दिला म्हणे. त्यांना कार्यालयावर सौर बसवायचं होतं आणि ठरावाचा नमुना हवा होता. मी म्हटलं, पाठवते ताई, पण विहिरीवरचं मीटर कुठं आहे, ते आधी सांगा.