कोरा राहिलेला रकाना

आज अण्णा माझ्याबरोबर शैक्षणिक कर्जासाठी बँकेत आले होते. सहअर्जदार म्हणून त्यांची सही लागते. निघताना इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं.

साहेबांनी माझ्या पगाराच्या स्लिपा चाळल्या आणि अण्णांना विचारलं, "काका, पेन्शन किती?"

"तीन हजार एकशे सोळा." खणखणीत आवाजात, वरच्या सोळासकट. साहेबांचं पेन कागदावर क्षणभर थांबलं आणि सरळ खालच्या रकान्यावर गेलं. "बरं, तारण काय देणार?"

एवढंच. वावगं काही बोलले नाहीत, उलट पाणी मागवलं. पण ते थांबलेलं पेन तेव्हापासून डोळ्यांसमोरून हलत नाही. अण्णांनी पाहिलं असेल का?

पैशांचा हिशेब मला तोंडपाठ आहे. ब्रिटनमधलं एका वर्षाचं एमबीए, शिष्यवृत्ती वजा जाता फी 28 हजार पौंड. राहण्याखाण्याचे लंडनबाहेर महिन्याला 1,171 पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे व्हिसासाठी खात्यात सलग 28 दिवस दिसावे लागतात. पौंड 118 रुपये धरला तरी 45 लाखांच्या वर जातं. हातात येतात 62 हजार. म्हणजे सहा वर्षं एक रुपयाही न खर्चता काम केलं, तरी थोडे कमीच पडतील. 40 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 44 हजार. परत येऊन याच पगारावर बसले तर उरतात अठरा. आणि तिकडे शिक्षणानंतर थांबायची मुदत जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांवरून दीड वर्षावर येतेय. मी नेमकी त्यातच सापडते.

साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. शेताच्या सातबाऱ्यावर सगळ्या चुलत्यांची नावं, आणि शेतजमीन त्यांना चालतही नाही. घर गावठाणातलं, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पाहून साहेबांनी तो हलकेच परत सरकवला. मामांचा एनए, म्हणजे बिगरशेती प्लॉट आहे. मामींना विचारायचं म्हणजे... ते नंतर बघू.

दुपारी खूप रडू आलं. जीमॅट या प्रवेश परीक्षेचे 275 डॉलर दिवाळीच्या बोनसमधून भरले, दोन वर्षं पहाटे साडेचारला उठून अभ्यास केला, मार्क आले, प्रवेश मिळाला. आणि सगळं येऊन अडलं ते एका उताऱ्यावर. ताई म्हणाली, इतका हट्ट कशाला, इथे काय कमी आहे? आत्याचा फोन आला होता, तो मी घेतलाच नाही.

पण खरं दुखतंय ते हे नाही. अण्णांची चौतीस वर्षं एसटीत, घाटातल्या मुक्कामाच्या गाड्या, वेबिलाचा म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाचा पै न् पै हिशेब, आणि शेवटी जो आकडा हातात आला तो लिहिण्याच्याही लायक ठरला नाही. साहेबांचंही बरोबरच असेल. 44 हजारांच्या हप्त्यापुढे तीन हजार मोजून त्यांना काय मिळणार? मला हे कळतं. कळतं म्हणूनच जास्त लागतं, कारण त्यांच्या जागी असते तर मीही बहुधा तेच केलं असतं. हिशेबच तर शिकायला निघालेय मी.

परतताना अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साहेब माणूस चांगला होता."

संध्याकाळी मन जरा थाऱ्यावर आलं. परदेशी शिक्षणाला मदत करणाऱ्या जे. एन. टाटा एन्डाउमेंटचा अर्ज भरून झालाय, तिथली मदतही कर्जाच्याच रूपात मिळते, पण अटी सोसतील अशा. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का, असं विचारणारी मेलही लिहून ठेवली. पाठवलेली नाही. यंदा जमलं तर यंदा, नाहीतर वर्षभर पैसे साठवायचे, मामींकडे मी स्वतः जायचं. अण्णांना पाठवायचं नाही.

आत्ता झोपायच्या आधी फाइल आवरायला घेतली. अर्ज सोमवारी द्यायचाय. सहअर्जदाराच्या पानावर, कोऱ्या राहिलेल्या त्या रकान्यात, अण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 3,116. पुढे वेबिलावर मारतात तशी एक आडवी रेघ, मागाहून कुणी आकडा वाढवू नये म्हणून.