ईयोब आधी, अक्वायनस नंतर

माझ्या वर्गात ख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या आधी बायबलमधला ईयोब, म्हणजे दोष नसताना दुःखात पडलेला माणूस, का घेतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. गावातले विचारतात, "शिकवणीच्या नावाखाली पोरांना बाटवता का?" त्यांना एवढंच सांगतो, दार उघडं असतं, येऊन बसा. मनाला लागतं ते आपल्या चर्चच्या मंडळीतल्यांचं. "बायबल असताना तत्त्वज्ञान कशाला?" म्हणतात आणि तत्त्वज्ञानाच्या भुलवणीपासून सावध करणारं बायबलमधलं वचन, कलस्सैकरांस 2:8, पुढे करतात. पण प्रेषित पौल स्वतः अथेन्समध्ये एपिकूरपंथी आणि स्तोयिक या ग्रीक तत्त्वज्ञांशी बोलायला उभा राहिलाच ना? प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17 वाचा.

पूर्वी मी थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञापासून सुरुवात करायचो. हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हलवणारं कुणी लागतं, ही साखळी मागे अनंत जात नाही, म्हणून पहिला हलवणारा देव, हा तेराव्या शतकातला युक्तिवाद पोरं भराभर वहीत उतरवायची.

मग 2017 साल आलं. गुलाबी बोंडअळीनं आमच्या यवतमाळकडची कपाशी पोखरली. त्या हिवाळ्यात वर्गात ऑगस्टिन हा जुना ख्रिस्ती विचारवंत चालू होता: दुष्टाई ही वेगळी वस्तू नाही, चांगल्याचा अभाव आहे. एका पोरानं खिशातून बोंड काढलं. त्याच्या बापानं दिवाळीनंतर जीव दिला होता. अंगठ्यानं बोंड फोडलं. आत सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडून चिकटलेला, त्यात अळी. "सर, हा अभाव आहे का? हे तं वळवळून राहिली."

मागे बसलेले एक वडीलधारे म्हणाले, "शंका सैतानाची असते. बस खाली."

"मग ईयोबाचं पुस्तक फाडून टाकायचं का?" माझा आवाज चढला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी तिथेच शेवटचा अध्याय वाचला. देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर देवाचा कोप होतो. जन्मदिवसाला शाप देणारा ईयोबच माझ्याविषयी यथार्थ बोलला, असं देव म्हणतो. पोरानं ऐकून घेतलं, बोंड टेबलावर ठेवलं आणि निघून गेला.

ऑगस्टिन खोटा ठरला असं मी म्हणत नाही. चांगलं आणि वाईट या दोन वेगळ्या शक्ती मानणाऱ्या मानीपंथात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला, दुष्टाईचा वेगळा देव नाही, हे स्वतःला पटवायचं होतं. ते मलाही पटतं. पण आता पहिल्या वर्गाला ईयोब असतो. पाया न घालता पोरांना तक्रार करायला शिकवतोस, असं माझ्यातला जुना शिक्षक अजून म्हणतो, आणि त्याचं सगळंच चूक नाही. कितीतरी पोरं अक्वायनसपर्यंत पोचतच नाहीत.

तो पोरगा आता शेती करतो. वर्गाला येतो, उपासनेला येत नाही. त्याची श्रद्धा मी घालवली, असं तुमच्यातलेच काही म्हणतात. मला ते मान्य नाही, पण खोडून काढायला हातात पुरावाही नाही. परवा त्यानं विचारलं, देव वावटळीतून एवढं बोलला, मग ईयोबाला कारण का नाही सांगितलं? सध्या वर्ग त्यावरच अडलाय.