माजघरातली जागा

नारायण पेठेतल्या त्या वाड्यावरून शाळेत असताना मी रोज गेले असेन, पण तिथे वाडा आहे हे मला त्याच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारत किती पक्की ते तपासायचं काम हातात आल्यावर कळलं. एका बाजूला झेरॉक्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला, मध्ये वाकून जावं लागेल असं लाकडी दार आणि वर दोन आखूड खिडक्या. सज्जा नाही, नक्षी नाही. विश्रामबाग वाड्याचे सुरूच्या आकाराचे खांब डोळ्यांपुढे ठेवून वाडा शोधणाऱ्याला हा दिसणारच नाही. पेठांमधली पुष्कळ जुनी घरं अशीच आहेत, रस्त्याकडे पाठ करून बसलेली.

आत गेलं की देवडी, ती उजवीकडे वळते आणि मग एकदम चौक. दार सताड उघडं असलं तरी रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. चौकाभोवती ओसरी, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर. वर माडी. राहणारी माणसं नऊ, पिढ्या चार, स्वयंपाकघरं तीन. सगळ्यात मोठ्या आजी शहाऐंशीच्या, सगळ्यात लहान त्यांची पणती चार वर्षांची. शिवाय पुढच्या खोलीत एक भाडेकरू, ज्यांचं महिन्याचं भाडं दोन वडापावांत संपतं. त्या भाड्यात कौलं बदलून दाखवा, असं थोरले काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतीची नोटीस आली होती, म्हणून मला बोलावलं. इमारत सी-1 ठरली तर रिकामी करून पाडायची. सी-2ब ठरली तर माणसं आत ठेवून दुरुस्ती करता येते. काकांना सी-2ब हवं होतं, माडीवरच्या धाकट्यांना खरं तर सी-1 चाललं असतं. दोघंही मला चहा देऊन गेले.

मी मोजायला सुरुवात केली. वाड्यात खोली फुटांत मोजत नाहीत, खणांत मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, इथे ते पाच फुटांच्या आसपास होतं. जुन्या वाटणीपत्रात कोणाला किती खण ते नीट लिहिलं होतं, आणि चौक, ओसरी, देवडी यांपुढे एकच शब्द होता, ‘सामाईक’. मी बेरीज केली तर तळमजल्याचा तिसरा हिस्सा कोणाच्याच मालकीचा नव्हता. सकाळपासून बघत होते, भांडण झालं की माणूस आपल्या खोलीतून उठून ओसरीवर येऊन बसतो आणि तिथून परत जाताना ते जरा निवलेलं असतं. धाकट्यांनी मला बिल्डरने काढून दिलेला नकाशा दाखवला होता. त्यात तिघांना तीन फ्लॅट, लिफ्ट आणि जिना. भांडून कुठे जायचं, लिफ्टमध्ये?

माजघरात भिंतीला पाठ लावून आजी पाटावर बसायच्या. मी प्लॅनवर त्यांची जागा पेन्सिलने टिंब देऊन सहज रेषा मारल्या. एक रेषा चौकातून देवडीच्या वळणापर्यंत जात होती, दुसरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, तिसरी स्वयंपाकघराच्या दारात. घरात कोण आलं, कोण वर गेलं, चूल कोणाकडे आहे, सगळं एका जागेवरून. मला फार कौतुक वाटलं. जुन्या लोकांना कसं कळत होतं बघा, असं एक वाक्य मी रिपोर्टसाठी मनात तयारही करून ठेवलं.

त्याच भिंतीत ओल होती. खांब भिंतीत गाडलेला, वरून सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट. बरोबर वर माडीवरच्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी बाथरूम काढलेली. वाडे वयामुळे पडतात हा एक गोड गैरसमज आहे. दगडी जोतं, वर मातीत बसवलेल्या विटा, सागवानी सांगाडा. हे भिजलं तरी वारा लागला की वाळतं. त्याला सिमेंटने लिंपलं की पाणी आत कोंडतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. मिस्त्रींनी गिलाव्याचा एक पापुद्रा उडवला. मी स्क्रूड्रायव्हर खांबाला टेकवून ढकलला. चौकातल्या खांबाला अर्धा सूतही न गेलेला स्क्रूड्रायव्हर इथे मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तर टोकाला कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं चिकटलं होतं. खालच्या दगडी तळखड्यापासून हातभर उंचीपर्यंत खांब नव्हताच, खांबाचा आकार होता फक्त.

त्या खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे माडीची लाकडी जमीन, आणि कडीपाटावर नऊ इंच माती. चौरस मीटरला साडेतीनशे-चारशे किलो, वर बाथरूमचं ओझं वेगळं. माझ्या पोटात गोळा आला. मी बाथरूम बंद करायला लावली, आजींना उठवून ओसरीवर बसवलं आणि मिस्त्रींना म्हटलं, लोखंडी प्रॉप आत्ताच्या आत्ता आणा.

दुपारी चारला प्रॉप आले, स्क्रू फिरवून घट्ट करायचे लोखंडी टेकू. जागा मी ठरवली, भिंतीपासून दीड फूट, तुळईच्या बरोबर खाली. म्हणजे आजींचा पाट होता तिथेच. मिस्त्रींनी लाकडी फळी टाकली, प्रॉप उभा केला आणि स्क्रू फिरवायला घेणार, तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला.

“तिथं नको हो लावू. खाली पेव आहे.”

मी ‘हो आजी’ म्हणाले. शहाऐंशी वर्षांचं माणूस काहीतरी बोलतं, तसं. मिस्त्री मात्र थांबले. त्यांनी प्रॉप बाजूला घेतला, फळी उचलली आणि शहाबादी फरशीवर हातोडीचं मागचं टोक आपटलं. शेजारच्या फरशीचा आवाज ठक्क आला. हिचा आला घुमून, रिकाम्या पिंपावर आला असता तसा.

सकाळपासून मी भिंती ठोकल्या होत्या, खांब ठोकले होते, वर चढून कड्या ठोकल्या होत्या. जमीन ठोकली नव्हती. स्क्रू घट्ट करत गेलो असतो तर सगळा भार त्या एका फरशीवर आला असता.

पहारीने फरशी उचकटली. खाली अडीच फूट व्यासाचं दगडी तोंड, आत मडक्यासारखं रुंद होत गेलेलं. टॉर्च टाकला तर चार फुटांवर राडारोडा दिसला. थंड, शेवाळलेला वास आला. पेव फुटलं हे आपण क्लासेसचं आणि मॉलचं म्हणतो. धान्याचं खरं पेव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“कंदील सोडा आधी,” आजी म्हणाल्या. “विझला तर उतरायचं नाही. आमच्याकडे तसाच नेम होता.” उतरणार कोणीच नव्हतं, तरी काकांनी मेणबत्ती सोडली. तेवत राहिली.

मग आजी सांगत गेल्या. गावाहून ज्वारी यायची, ती यात. कुळकायद्यात जमीन गेली, ज्वारी थांबली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तळाशी दोनच पोती होती. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच पानशेत फुटलं. 12 जुलै 1961. पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं. ओसरल्यावर पेव चिखलाने भरलेलं, भिंतींचा गिलावा वाहून गेलेला. पडलेल्या भिंतीच्या विटा पेवात लोटल्या, वर फरशी घातली, भिंतींना सिमेंट मारलं. चिखल पुढे बसत गेला आणि वर पोकळी राहिली. म्हणजे खांब कुजवणारं सिमेंट आणि हे पोकळ, दोन्ही त्या एकाच महिन्यातलं काम. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. ते तेव्हा दीड वर्षाचे होते.

“तुम्ही इथे बसता ते सगळीकडे लक्ष ठेवता यावं म्हणून ना?” मी विचारलं. माझ्या तीन रेषा मला सोडवत नव्हत्या.

“छे गं. पेवावर लाकडी झाकण असायचं, पोरं त्यावर नाचायची. म्हणून आजेसासूबाई इथं बसायच्या. मग सासूबाई. मग मी.”

मिस्त्रींनी पेवाच्या दोन्ही बाजूंना पक्क्या जोत्यावर एकेक प्रॉप उभा केला, वर आडवा लोखंडी गर्डर देऊन तुळई त्यावर घेतली. साडेसात वाजले. रिपोर्टवर मी सी-2ब लिहिलं, पहिल्या पानावर बाथरूम हलवण्याची अट घालून. धाकट्यांनी तो वाचला आणि काही न बोलता माडीवर गेले.

निघताना मागे वळून पाहिलं तर फरशी परत बसवलेली आणि दोन प्रॉपच्या मधोमध पाट मांडून आजी बसलेल्या. मी पळत आत गेले. आजी, काम होईपर्यंत ओसरीवर बसा, पाया पडते.

त्यांनी पणतीकडे बोट दाखवलं. ती एका प्रॉपला धरून गोल गोल फिरत होती, स्क्रूच्या दांडीपर्यंत हात पोचतो का ते बघत.

“मग हिला कोण आवरणार?” आजी म्हणाल्या.