फ्लिकर सापडला, आणि तो दिव्यांत नव्हताच

माझ्या स्टॉप-मोशनमधल्या (बाहुली थोडी थोडी हलवत एकेक फोटो घेऊन केलेल्या) बगळ्याच्या शॉटमधला फ्लिकर, म्हणजे फोटोगणिक उजेडाचं लुकलुकणं, गेला! तीन आठवडे मी भलतीकडे शोधत होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या नोंदीत संशय दिव्यांवर होता. त्यानंतर एलईडीचे डिमर काढले, शटर अर्ध्या सेकंदावर नेलं, खिडकीला काळं कापड दुहेरी लावलं, काळा शर्ट घालून दर क्लिकला एकाच खुणेवर उभा राहिलो. आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स तर पहिल्यापासून मॅन्युअल. तरी प्लेबॅकला तळं लुकलुकतंच. ६० फोटो, ऑन टूज (सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक फोटो दोन फ्रेम) धरून ५ सेकंदांचा शॉट, सगळा वाया.

शेवटी बगळा बाजूला ठेवून ग्रे कार्ड (एकसारखं राखाडी कार्ड) लावलं. काहीही न हलवता एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान ठेवून, २४ फोटो, मग लेन्स पूर्ण उघडून, शटर तेवढं वेगवान करून आणखी २४. उघड्या लेन्सचे हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळीचे आलेख) एकावर एक बसले. एफ/१६ चे मागेपुढे सरकत होते. दोष दिव्यांचा असता तर वेगवान शटरला तो जास्तच दिसला असता. म्हणजे दोषी ॲपर्चरची पाती, लेन्सचं छिद्र लहानमोठं करणारी!

दोन फोटोंच्या मध्ये ही पाती पूर्ण उघडतात आणि दर क्लिकला नव्याने मिटतात. मिटताना केसभर इकडेतिकडे होतं. साध्या फोटोत ते कळत नाही, पण ओळीने चालवलं की डोळ्यांत खुपतं. छिद्र जितकं लहान, तितका तो केसभर फरक मोठा. हा कुठल्या एका कंपनीचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

फ्लिकर नंतर पुसणाऱ्या डीफ्लिकर सॉफ्टवेअरवर माझा आता भरवसा नाही. माझ्याकडचं पूर्ण फ्रेमची सरासरी उजळी सारखी करतं. पांढऱ्या बगळ्याने पंख पसरले की सरासरी वाढते, मग ते बिचारं मागचं आकाश काळवंडून टाकतं.

लेन्स किंचित फिरवून तिचा कॅमेऱ्याशी विजेचा संपर्क तोडण्याची युक्तीही केली: पाती आधीच मिटवून दाखवणारं प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि फिरवायचं. पाती जागेवर राहिली, पण लेन्स लॉक नसल्याने १७व्या फ्रेमला हात लागून सरकली. खरा उपाय जुनी, ॲपर्चर रिंगवाली लेन्स: पाती हाताने मिटवायची, मग ती तशीच राहतात. निकॉन एफ लेन्सची फ्लँज (लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर) ४६.५ मिमी, कॅनन ईएफ कॅमेऱ्याची ४४, त्यामुळे मधल्या अडीच मिलिमीटरमध्ये बिनकाचेचा ॲडॅप्टर बसतो. पहिला ॲडॅप्टर डुलत होता. दुसरा पितळी आणि घट्ट आहे. ॲडॅप्टरमध्ये काटकसर करू नका.

त्याच ग्रे कार्डवर पुन्हा २४ फोटो, एफ/१६ लाच. एकही हिस्टोग्राम हलला नाही. ती लूप मी कितीतरी वेळ नुसती बघत बसलो. राखाडी चौकोन, अगदी स्थिर!



आता बेत असा, की तोच शॉट एफ/१६ ला पुन्हा घ्यायचा. पण थांबा, लिहिता लिहिता सुचतंय: फोकस रिंगही आता हाताने फिरते. तिच्यावर कागदी पट्टी चिकटवून खुणा केल्या, तर मासोळीवरून बगळ्याच्या डोळ्यावर फोकस नेता येईल. मग एफ/१६ कशाला, एफ/५.६ च हवं: छिद्र मोठं, म्हणजे फोकसबाहेरचं सगळं धूसर. मागच्या पडद्यावरचे ब्रशचे फटकारेही त्यात विरघळतील, तो पुन्हा रंगवायला नको. आधी बगळ्याशिवाय ३६ फ्रेमची चाचणी घेतो. ब्रीदिंगने (फोकस फिरवताना दृश्य किंचित लहानमोठं होण्याने) चौकट किती बदलते ते त्यात कळेल.