आज बीएस्सी नर्सिंगची प्रेफरन्स लिस्ट लॉक केली

झालं एकदाचं. संध्याकाळी नेटकॅफेत बसून कॅप राऊंडची, म्हणजे राज्याच्या एकत्रित ॲडमिशनची, कॉलेजं क्रमानं लावली, पप्पांनी दोनदा वाचून बघितली, आणि लॉक केली. आता यादी लागेपर्यंत हातात काही नाही. डोक्यात मात्र सगळं फिरतंय म्हणून लिहून काढते.

लातूरमध्ये बारावी सायन्सची पोरगी नर्सिंगचा फॉर्म भरतेय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "नीटमध्ये नाही लागलं का गं?" शेजारच्या काकू, क्लासचे सर, पप्पांचे मित्र, सगळ्यांचं तेच. आणि पुढं लगेच, एक वर्ष रिपीट कर की. मी नीट दिली होती हे खरंय, पण ती एमबीबीएससाठी नव्हतीच. मिलिटरी नर्सिंगला नीटचेच मार्क लागतात म्हणून दिली. अख्ख्या देशात त्याच्या २२० सीट, पुण्याचं एएफएमसी म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, मुंबईचं अश्विनी हे नौदलाचं हॉस्पिटल धरून सहा कॉलेजं, आणि पास झाल्यावर थेट लेफ्टनंट. तिथं शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं नाही, वाईट वाटलं, दोन दिवस धड जेवले पण नाही, पण मग सीईटी होतीच, राज्याची बीएस्सी नर्सिंगची प्रवेश परीक्षा.

सीईटी मला आवडली खरं सांगायचं तर. १०० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २० मार्कांना. फिजिक्समध्ये घाम फुटला पण ॲप्टिट्यूड भरभर सुटलं आणि त्याचं श्रेय मी पूर्णपणे मावशीला देते.

मावशी झेडपीत एएनएम आहे, म्हणजे गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका. उपकेंद्रावर. एका उपकेंद्राला साधारण पाच हजार लोकसंख्या धरतात, म्हणजे तीनचार गावं आणि वर वाड्या, तांडे. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले की लसीकरणाच्या दिवशी तिच्यासोबत जायचे. सकाळी पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, व्हॅक्सिन कॅरिअर (लसी थंड ठेवायचा डबा) घेताना ती बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून लगेच आत टाकू द्यायची नाही, आधी बाहेर टेबलावर मांडून ठेवायची आणि मग एकेक कानाजवळ धरून हलवून बघायची, आत पाणी खुळखुळलं की मगच कॅरिअरमध्ये. कारण काही लसी गोठल्या की वाया जातात, पेंटा, टीडी वगैरे, आणि गोठून परत वितळलेली बाटली नुसती बघून कुणाला कळत पण नाही. पोलिओच्या बाटलीवर एक बारीकसं जांभळट वर्तुळ असतं, त्यात चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस चालते, रंग सारखा झाला की बाजूला काढायची. गोवर रुबेलाची बाटली फोडली की ती लेबलवर पेनानं वेळ लिहायची, चार तासांच्या आत संपवायची, नाहीतर फेकायची. एकदा एका बाळाची आजी शेतातून उशिरा आली, बाटलीत डोस शिल्लक होते पण वेळ उलटून गेली होती, मावशीनं नाही म्हणजे नाहीच दिला. आजी चिडली, "एवढं औषध हाय की त्यात" म्हणाली. मावशी तिच्याशेजारी ओट्यावर बसली, चहा मागवला, सगळं समजावून सांगितलं आणि पुढच्या वेळी आधी तुझ्या घरी येते म्हणाली. आणि खरंच गेली. मला नर्सिंग करायचंय ते हे बघून.

मग एएनएमच का नाही करत, असं आईनं विचारलेलं. प्रश्न बरोबर आहे तिचा. पण मावशीच्याच उपकेंद्रावर मधे एक सीएचओ मॅडम आल्या, समुदाय आरोग्य अधिकारी, बीएस्सी नर्सिंग झालेल्या. उपकेंद्राच्या भिंतीवर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलंय. त्या तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी शुगर तपासतात, चालू असलेल्या गोळ्या तिथंच देतात, अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, डॉक्टरांना दाखवतात. आधी बीपीच्या गोळीसाठी म्हाताऱ्या माणसाला जीप पकडून तालुक्याला जावं लागायचं, मजुरी बुडायची, मग गोळी बंद व्हायची आणि एक दिवस अर्धांगवायू. आमच्याच भावकीत झालंय असं. मला ती खुर्ची पाहिजे, आणि त्याला चार वर्षांची डिग्री करणं हाच मला सगळ्यात पक्का रस्ता वाटतो. मावशी वीस वर्ष बाळंतपणं, लसीकरण, रजिस्टरं सगळं करतेय आणि तिचं म्हणणं एकच, मला जेवढं येतं त्याच्या पुढचं तू शिक.

प्रेफरन्स लिस्टवरून घरात बरंच झालं. पप्पांना वाटत होतं जवळचं कॉलेज वर टाकावं. म्हणून आम्ही एक खासगी कॉलेज बघून पण आलो. बिल्डिंग काचेची, एसी ऑफिस. स्किल लॅबमधला पुतळा अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता. मी विचारलं हॉस्पिटल कुठंय, तर मागच्या बाजूला नेलं, वॉर्डात बेड होते, चादरी स्वच्छ होत्या, पेशंट हाताच्या बोटावर मोजण्याइतके. नाईट ड्युटीला मुली कुठं जातात विचारलं तर त्यांनी परत माहितीपत्रकच हातात दिलं. नर्सिंग कौन्सिलच्या नियमात एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट धरलेत, आणि ते काही उगाच नाही, सलाईन लावायला पेशंटचा हात लागतो, पुस्तकातला नाही. परत येताना एसटीत पप्पा स्वतःच म्हणाले, मोठं सरकारी हॉस्पिटल असेल तेच वर टाक.

म्हणून मग वर मुंबईचं जेजे, पुण्याचं ससून, नागपूरचं सरकारी. जेजेत तेराशेच्या वर खाटा आहेत, तिथं चार वर्षांत काय काय बघायला मिळेल याचा विचार करूनच अंगावर काटा येतो. माझ्या पर्सेंटाईलला जेजे मिळणं अवघड आहे हे मला माहितीय. तरी पहिलं तेच टाकलं, कारण क्रम आपल्याला काय पाहिजे त्याप्रमाणे लावायचा, काय मिळेल त्याप्रमाणे नाही. मिळायचं ते मार्कांवर मिळेलच.

कागदपत्रांचं लिहित बसत नाही. डोमिसाईल, टीसी, नॉन क्रिमीलेयर. नॉन क्रिमीलेयरनं जीव खाल्ला, सर्व्हर डाऊन, साहेब मीटिंगला, उद्या या. पुढच्या वर्षी कुणी भरणार असेल तर एवढंच सांगते, बारावीची परीक्षा संपली की लगेच सेतूत जा आणि त्यावरची मुदतीची तारीख स्वतः वाचा.

फीचं टेन्शन मात्र बरंच हलकं झालंय. ८ जुलै २०२४ चा जीआर आहे, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना कॅपमधून ॲडमिशन घेतली तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. होस्टेल, मेस आपलं आपल्याला. पप्पांनी वहीत हिशोब मांडलाय, सोयाबीनला भाव मिळाला तर जमतं आणि नाही मिळाला तर आई म्हणते शिलाईचं काम वाढवते. हे ऐकून मला खूप भरून आलं पण मी काही बोलले नाही, तिच्या हातातलं कापड घेऊन काजबटण करत बसले.

पप्पांच्या मित्रानं आल्या आल्या जर्मनीचं काढलं. राज्य सरकारनं २०२४ ला तिकडच्या बाडेन-वुर्टेम्बर्गसोबत करार केलाय, त्यात नर्सेस पण आहेत, पोरीला आत्तापासून जर्मन शिकव म्हणे. जाणाऱ्या मुलींबद्दल मला काहीच वाईट वाटत नाही, उलट कौतुकच आहे, घरची कर्ज फिटतात त्यानं. पण मला उपकेंद्रच पाहिजे आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

आईच्या समाधानासाठी सरकारी जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म पण भरून ठेवलाय, तो कोर्स पण चांगलाच आहे. पण बीएस्सीची सरकारी सीट लागली, मग ती नागपूरला का असेना, मी जाणारे. पप्पांना ते आजच सांगून टाकलं, ते म्हणाले बॅग मोठी घ्यावी लागेल मग.