पोळी सुटल्यावरचा प्रवास : सिलिॲकसोबत राहण्याचा माझा अनुभव

माझं हिमोग्लोबिन कित्येक वर्षं आठ-नऊच्या वर चढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, बीट-खजूर झाले. जोडीला वरचेवर तोंड येणं, पोट फुगणं आणि दुपारनंतर अंगात त्राण न उरणं. "बायकांना अशक्तपणा असतोच" हे इतक्या जणांनी ऐकवलं की मलाही ते पटू लागलं होतं. शेवटी पुण्यातल्या एका पोटविकारतज्ज्ञांना शंका आली, की लोह पोटात जातंय, पण शरीरात शिरतच नसावं. त्यांनी टीटीजी-आयजीए ही सिलिॲक ओळखण्यासाठी रक्तातल्या अँटिबॉडी मोजणारी तपासणी लिहून दिली. सोबत एकूण आयजीएही (ज्या गटातल्या अँटिबॉडी ही तपासणी शोधते तो गट) मोजायला सांगितलं, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी खोटा दिलासा देते.

आकडा बराच वर आला. मग दुर्बिणीने लहान आतड्याचे नमुने घेतले आणि सिलिॲकचं निदान पक्कं झालं. ज्यांना शंका आहे त्यांना एक कळकळीने सांगते : तपासण्या पूर्ण होईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू सुटला की रक्तातल्या अँटिबॉडी उतरू लागतात, आतडं सुधारू लागतं आणि मग आजार होता की नव्हता हेच सांगता येत नाही.

सिलिॲकमध्ये गहू, सातू (बार्ली) आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. त्यावर औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणं हाच उपचार. आणि टाळणं म्हणजे किती? 'ग्लुटेन-फ्री' लिहायला भारतात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. एका साध्या पोळीत दोन-अडीच ग्रॅम तरी ग्लुटेन असतं. म्हणजे प्रश्न पोळीच्या घासाचा नाही, पोळीच्या पिठाच्या धुरळ्याचा आहे. हे डोक्यात बसलं आणि माझं घर, माझा प्रवास, सगळं त्या धुरळ्याभोवती पुन्हा मांडावं लागलं.

मी मूळची सोलापूरची, त्यामुळे ज्वारीची भाकरी परकी नव्हती. तांदूळ, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळं चालतं. हे ऐकून आई म्हणाली, "मग काय अडलंय गं तुझं?" अडलं ते गिरणीत. आमच्या गल्लीतल्या गिरणीत गव्हाचा डबा उतरला की त्याच जात्यात ज्वारी पडायची. बेसनाचंही तेच. शेवटी घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालायचा नाही असं ठरलं. घरच्यांच्या पोळ्या होतात, पण कणकेचा डबा खालच्या कपाटात, माझा तवा, पोळपाट आणि परात वेगळी, आणि माझी भाकरी आधी.

हिंगाने मात्र मला खरोखर हादरवलं. बाजारात मिळतो तो बहुतेक हिंग बांधणीचा असतो आणि बांधायला अनेकदा मैदा किंवा कणीक वापरतात. डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण हिंगाच्या डबीवरचं वाचतं कोण? आमटी, लोणचं, पापड, सांबार, सगळीकडे तो आहे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, मी तोच आणते. मेतकुटात थोडे गहू भाजून घालतात, थालीपिठाच्या भाजणीत असतात, सोया सॉसमध्ये गहू, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींत सातू. ओट्स मुळात वेगळे असले तरी शेतापासून कारखान्यापर्यंत गव्हासोबत फिरतात.

सहा महिन्यांनी टीटीजी निम्म्याखाली आलं, हिमोग्लोबिन चढलं, आणि मला परत फिरावंसं वाटू लागलं.

सुरुवात मालवणपासून केली, कारण तिथला स्वयंपाक तांदळाचा. घावणे, आंबोळ्या, शिरवाळे, सोलकढी. तरी निघण्याआधी घरगुती मुक्काम चालवणाऱ्या काकूंना फोन करून सगळं विचारलं. ग्लुटेन हा शब्द मी काढतच नाही. गहू, मैदा, रवा, शेवया अशी नावं घेते आणि "चिमूटभरही चालत नाही, डॉक्टरांनी बंद केलंय" म्हणते. कोंबडी-वड्यांच्या पिठात त्या थोडे गहू घालत होत्या, म्हणून वडे माझ्यासाठी बाद. मग सुरमईचं विचारलं. तळलेल्या माशाला वरून रवा लावतात, तो खरा धोका. काकू म्हणाल्या, "तांदळाच्या पिठातच तळतंय, काय काळजी करू नको." मी आणखी तीन गोष्टी मागितल्या : तवा धुतलेला हवा, तेल नवं हवं, आणि माझी तुकडी सगळ्यांत आधी. त्यांनी ते शेवटच्या दिवसापर्यंत पाळलं. एका सकाळी तर घावण्याचं भिडं स्वतः घासताना दाखवायला मला चुलीपाशी घेऊन गेल्या. अशी माणसं भेटली की प्रवासाचं अर्धं ओझं उतरतं.

वाटेत हायवेवरच्या एका हॉटेलात उलटा अनुभव आला. "भाकरी शंभर टक्के ज्वारीची" असं सांगून आणून दिली. ती चिरली नव्हती, दुमडली तरी मऊ राहत होती. माझ्या हाताला ती ओळखीची वाटेना, म्हणून भटारखान्यात जाऊन विचारलं. थापताना तुटू नये म्हणून मूठभर कणीक मिसळली होती. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मी ते ताट तसंच परत केलं. तेव्हापासून अनोळखी ठिकाणी भाकरी मागत नाही.

त्याऐवजी सरळ विचारते, "उपवासाचं काही आहे का?" मला सापडलेला हा सगळ्यांत भरवशाचा मार्ग. उपवासाच्या पदार्थांत गहू नसतो, आपल्याकडे बहुतेक घरांत हिंगही नसतो, आणि पाळणारे लोक भांडी-चमचेही वेगळे ठेवतात. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे लाडू. साबुदाणा वडा मात्र कढई कोणती हे कळल्याशिवाय नाही, कारण त्याच तेलात समोसेही तळलेले असतात.

उत्तरेकडे जाणं जास्त अवघड. हरिद्वारला सासूबाईंना घेऊन गेले, तेव्हा गाडीत जेवण घेतलंच नाही. डाळीत हिंग कुठला, कोण सांगणार? सोलापूरची कडक भाकरी अशा वेळी देवासारखी धावून येते. महिनाभर टिकते, मोडून दह्यात किंवा दाण्याच्या चटणीसोबत तेल घालून खाता येते. माझ्या भाकऱ्या मावशी घरच्या पिठाच्या करून देतात. रेल्वेत विजेची किटली लावायला बंदी आहे, म्हणून खिचडीचं सामान मुक्कामाला पोचल्यावरच बाहेर निघतं : मूगडाळ, तांदूळ, माझा हिंग, आणि एक छोटा राइस कुकर. तिथल्या हॉटेलांत मक्याची रोटी सहज मिळते, पण गव्हाच्याच लाटण्याखाली.

भावाकडे म्युनिकला गेले, तेव्हा विमानाचं ग्लुटेनविरहित जेवण तिकिटासोबतच नोंदवलं. त्याचा जीएफएमएल हा कोड आहे. परतीच्या प्रवासातही ती नोंद आहे ना, हे वेगळं बघावं लागतं. ट्रेमध्ये सवयीने पावाचा गोळा ठेवला जातो, तो पाकीटबंद नसेल तर मी पूर्ण ट्रे बदलून मागते. सामानात घरचं पीठ आणि भाकऱ्या होत्या. तूप आणि पेढे घरीच ठेवले, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तिथे पोचल्यावर मात्र मोकळा श्वास घेतला. १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती खाद्यपदार्थ विकणाऱ्याने देणं कायद्याने बंधनकारक आहे, सुट्या पदार्थांचीही. आपल्याकडे पाकिटावर ही माहिती छापावी लागते, पण मिठाईच्या काउंटरवर विचारलं की अजून अंदाजच ऐकायला मिळतो. हे बदलायला हवं.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं : आई-वडील, भावंडं, मुलं यांची तपासणी करा, त्यांच्यात हा आजार असण्याची शक्यता बरीच जास्त असते. माझ्या धाकट्या बहिणीचीही टीटीजी वाढलेली निघाली, मग तिच्या मुलीची. पोरीला पोटाचा काहीच त्रास नव्हता, फक्त उंची वाढत नव्हती. आता ती नववीत आहे आणि शाळेची सहल रायगडला जाणार आहे. घरात तिला न पाठवण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा मी भांडले. बाईंसाठी एक कागद लिहून दिला : काय चालतं, काय चालत नाही, तिचा डबा आणि चमचा वेगळा, कोणी वाढताना चिमूटभरही मिसळायचं नाही, आणि चुकून पोटात गेलं तर कोणाला फोन करायचा.

परवा बाईंचा फोन आला. नाश्त्याला पोहे आणि उपमा आहे, आचाऱ्याला पोह्यांत हिंग घालू नकोस म्हणून सांगितलंय, मग पोहे चालतील का? मी म्हटलं चालतील, फक्त तिचे आधी वेगळ्या डब्यात काढून ठेवा, उपम्याचा डाव पोह्यांत जाण्याआधी.